झाकण कुणीही उघडायचं नाही

मेहुण्याने त्याचं नाव 'मध्यंतर' ठेवलं होतं. कारण त्याने हाती घेतलेली प्रत्येक गोष्ट मध्यंतरापर्यंत झकास चालायची. लोक पाय मोकळे करायला उठायचे आणि परत येऊन बघतात तर पडदा पडलेला, दिवे लागलेले आणि झाडूवाला खुर्च्यांखाली झाडत असलेला. गिटारचं निम्मं गाणं, परक्या भाषेतले निळ्यापर्यंतचे रंग, बाल्कनीत उभी असलेली कपाटाची दोन दारं, ज्यांना मागे कपाट नव्हतं. एवढी संपत्ती त्याच्या नावावर जमा होती. या गोष्टीत आपण त्याला जावई म्हणू. मध्यंतर म्हणणं म्हणजे मेहुण्याची बाजू घेणं, आणि मेहुण्याच्या बाजूला आधीच फार गर्दी आहे.

त्या गर्दीत एकच माणूस अजून सामील झाला नव्हता, तो म्हणजे सासरे. सासरे निवृत्त मुख्याध्यापक. सगळं घर 'मध्यंतर, मीठ दे रे' म्हणत असताना ते शांतपणे 'जावई, मीठ' म्हणायचे. मेहुण्याने एकदा विचारलंही, "बाबा, तुम्ही का नाही म्हणत?" तेव्हा ते म्हणाले, "निकाल लागल्याशिवाय मी शेरा देत नाही." तेव्हापासून जावई गेली काही वर्षं परीक्षेला बसल्यासारखा जेवत होता.

तर सासू-सासऱ्यांच्या लग्नाचा वाढदिवस जवळ आला होता. मेहुण्याने जाहीर केलं की जेवण हॉटेलातून मागवू. आणि जावयाच्या तोंडून, त्याची स्वतःची परवानगी न घेता, वाक्य बाहेर पडलं, "जेवण मी करणार. पिंपात."

"कशात?"

"लोखंडी पिंपात. तळाला कोळसे, वर जाळी, जाळीवर बकऱ्याची अख्खी मांडी. वरून झाकण. मंद आचेवर, धुरात, हळूहळू शिजतं. हाडावरून आपोआप सुटतं."

"हळूहळू म्हणजे कुठवर, भावोजी?" मेहुण्याने विचारलं. "मध्यंतरापर्यंत?"

सगळे हसले. सासूबाई तर इतक्या हसल्या की त्यांना उचकी लागली आणि त्यांना पाणी आणून द्यायचं कामही जावयालाच करावं लागलं. सासरे तेवढे हसले नाहीत. ते म्हणाले, "बघू."

हा 'बघू' जावयाच्या काळजात रुतून बसला. लोकांना प्रेमात वगैरे शब्द रुततात तसा.

पिंप भंगारवाल्याकडे मिळालं. आधी त्यात खाद्यतेल होतं, त्यामुळे ते जन्माने निदान स्वयंपाकघराच्या नात्यातलं होतं. वेल्डरने तळाशी हवेसाठी दोन भोकं पाडली, त्यांवर सरकत्या झडपा बसवल्या, झाकणाला धुराडं लावलं आणि तापमानाचा काटा बसवला. शिवाय न सांगता एक भक्कम कडी-कोयंडाही बसवला. जावई म्हणाला, "याला कुलूप कशाला?" वेल्डर म्हणाला, "झाकण आहे ना? मग कडी पाहिजे." हा माणूस आयुष्यभर दारं आणि तिजोऱ्या करत आला होता. कडी न लावता त्याला झोप आली नसती. जावयाने वाद घातला नाही. पिंप इमारतीच्या मागच्या अंगणात, पाण्याच्या पंपाच्या खोलीशेजारी उभं राहिलं, आणि जावई त्याच्याकडे बघत असा उभा राहिला की जणू ते त्याने स्वतः बाळंत होऊन आणलंय.

आता इथे जावयाच्या नोकरीबद्दल सांगणं भाग आहे, कारण पुढची सगळी आग तिथूनच लागली. जावई एका मोठ्या कचेरीत पाठपुरावा विभागात होता. या विभागात स्वतः काही काम करायचं नसतं. दुसऱ्यांना फोन करून 'कुठवर आलं?' एवढंच विचारायचं असतं. तो सकाळी विचारायचा, दुपारी विचारायचा, आणि संध्याकाळी सकाळी विचारल्याची आठवण करून द्यायचा. त्याच्या फोनने भलेभले अधिकारी जागेवरून उठून गच्चीवर जायचे. दिवसभर दुसऱ्यांच्या कामांचा एवढा पाठपुरावा केल्यावर घरी स्वतःच्या कामांसाठी पाठपुरावा उरत नसे, हे बाल्कनीतली दोन दारं बघून कुणालाही पटलं असतं.

पण पिंपाची गोष्ट वेगळी होती. पिंपाचा त्याने पाठपुरावा केला.

पहिल्या चाचणीत त्याने अख्खं पोतं कोळसा ओतला आणि सगळाच्या सगळा पेटवला. काट्याला एकशेवीसवर थांबायचं होतं. काटा एकशेवीसला भेटलाच नाही, दुरून हात करून पुढे गेला. तो तबकडीच्या टोकाला जाऊन टेकला आणि तिथे थरथरत उभा राहिला. जावयाने घाबरून झाकण उघडलं. आत हवा गेली, ज्वाळा बाहेर आली आणि त्याची उजवी भुवई तिच्याबरोबर गेली. कोंबडी आतमध्ये होती असं म्हणतात. पुरावा मिळाला नाही.

दुसऱ्या चाचणीत त्याने धडा घेतला आणि सगळ्या झडपा बंद केल्या. त्यामुळे कोळसा गुदमरून विझला. आत इतका गार काळोख होता की कोंबडी आदल्या दिवसापेक्षा ताजी दिसत होती.

बायको नर्स होती. अतिदक्षता विभागातली पाळी संपवून ती अंगणात आली, तेव्हा जावई पिंपाभोवती बसून, उठून, वाकून, झडप सरकवून, परत झाकण उचलून बघत होता.

"अरे, तू त्याला किती वेळा बघतोयस?"

"किती तापलंय ते बघतोय."

"काटा बाहेर आहे ना?"

"काटा बाहेर आहे, पण खरं आत आहे."

"आमच्याकडे," बायको म्हणाली, "झोपलेल्या पेशंटला उठवून 'झोप लागली का' असं विचारणारे नातेवाईक असतात. त्यांना आम्ही बाहेर बसवतो."

हे वाक्य जावयाने ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. माणूस एकतर ऐकतो किंवा मनावर घेतो. दोन्ही एकदम करणारा नवरा अजून घडायचा आहे. पण तिसऱ्या चाचणीत एवढं तरी कळलं की कोळसा सगळा पेटवायचा नसतो. न पेटलेल्या ढिगावर मूठभर निखारे ठेवायचे, मग आग शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे अफवेसारखी सावकाश जाते. आणि झडप जराशी सरकवली की फरक लगेच दिसत नाही, बऱ्याच वेळाने दिसतो. तोवर अधीर माणसाने ती आणखी दोनदा सरकवलेली असते. जावयाने ती आणखी चारदा सरकवली होती. पण त्या दिवशीची कोंबडी ओळखू तरी आली.

इथे सेक्रेटरींचा प्रवेश होतो.

इमारतीचे सेक्रेटरी हे अर्ज परत पाठवण्याच्या खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. धुराचा वास आल्यावर त्यांनी समितीची सभा बोलावली. सभेपुढे पहिला प्रश्न असा होता की पिंप हे फर्निचर आहे, वाहन आहे की बांधकाम. फर्निचर असेल तर ते अंगणात ठेवता येत नाही, वाहन असेल तर त्याला नंबरप्लेट हवी, आणि बांधकाम असेल तर नकाशा मंजूर करून घ्यायला हवा. बरीच चर्चा होऊन ते 'पाळीव' या सदरात बसवण्यात आलं, कारण तिथे जागा होती. मालकाने त्याला मोकळं सोडू नये, घाण करू देऊ नये, आणि अखेरची अट: समारंभाच्या दिवशी समितीतर्फे एक निरीक्षक हजर राहील आणि आग काबूत आहे की नाही हे दर अर्ध्या तासाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहील.

"डोळ्यांनी म्हणजे झाकण उघडून?" जावयाने विचारलं.

"मग काय भिंगातून?" सेक्रेटरी म्हणाले. निरीक्षक म्हणून त्यांनी स्वतःचीच नेमणूक केली होती.

समारंभाच्या सकाळी सगळं नीट होतं, आणि जावयाने तेव्हाच ओळखायला हवं होतं. मूठभर निखारे ढिगावर विसावले, मांडी जाळीवर विसावली, झाकण बसलं, धुराड्यातून निळसर, पातळ, सभ्य धूर निघू लागला. काटा चढत चढत एकशेवीसवर आला आणि तिथे पाहुण्यासारखा आदबीने बसला. जावईसुद्धा आयुष्यात पहिल्यांदा एका जागी बसला.

मग माणसं आली.

पहिले सेक्रेटरी आले. हातात वाळूची बादली, अंगात कोट. "निरीक्षण," असं म्हणून त्यांनी झाकण उचललं, आत बघितलं, "आहे," म्हणाले आणि ठेवून दिलं. काटा आधी खाली पडला, मग रागाने वर आला आणि एकशेचाळीसवर जाऊन बसला. जावयाने झडप थोडी मिटली.

मग वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर आले. धंद्याची सवय वाईट. "उघडा," ते म्हणाले. जावई काही बोलायच्या आत त्यांनी उघडलंही. "अजून मोठं," असं स्वतःलाच सांगत त्यांनी झाकण पार मागे टाकलं, तिन्ही बाजूंनी वाकून पाहिलं आणि डाव्या कोपऱ्यातला कोळसा किडलाय असं निदान करून गेले. काटा एकशेसाठ.

मग सासरची मंडळी आली. सासूबाईंनी 'वास छान येतोय' म्हणत झाकण उचललं. या बाईंनी आयुष्यात एकही पातेलं शिजेपर्यंत झाकलेलं राहू दिलं नव्हतं. मेहुण्याने उचलून फोटो काढला. फोटो हलला म्हणून परत उचलून दुसरा काढला. आणि मग म्हणाला, "भावोजी, घाबरू नका. मी हॉटेलला सांगून ठेवलंय. फोन केला की पार्सल निघेल. मध्यंतर झालं की सांगा."

काटा एकशेऐंशी. धूर पांढरा, जाड आणि असभ्य झाला. आतून चरबी कोळशावर पडल्याचा चर्र आवाज आला. जावयाने झडपा पूर्ण मिटल्या, मग कोळसा विझेल म्हणून उघडल्या, मग मिटल्या. आणि शेवटी, हे लिहिताना वाईट वाटतं, पण त्याने स्वतः झाकण उचललं आणि आत तोंड घालून जवळजवळ मोठ्याने विचारलं, "कुठवर आलं?"

ज्वाळा वर आली आणि उरलेली भुवई घेऊन गेली.

"अहो," बायको म्हणाली. एरवी 'अरे' म्हणणारी ही बाई माहेरची माणसं समोर असली की 'अहो' म्हणायची, आणि तिच्या 'अहो'त जेवढा आदर असायचा तेवढाच धोका. "अहो, ते पेटत नाहीये. तुम्ही सगळे मिळून पेटवताय."

जावई थबकला. पिंपाकडे पाहिलं. अंगणात उभ्या असलेल्या माणसांकडे पाहिलं. प्रत्येकाच्या बोटाला काजळी होती. बकऱ्याच्या मांडीच्या नशिबात कोळसा नव्हता, पाठपुरावा होता. गिटार, रंग, कपाट, सगळं त्याला एकदम आठवलं. त्याचं एकही काम मध्यंतरापर्यंत बिनसलं नव्हतं. मध्यंतरात कुणीतरी येऊन झाकण उचलायचं, 'जमतंय का?' विचारायचं, हसायचं, आणि मग तो स्वतः झाकण उचलून तेच विचारायचा.

तेवढ्यात सेक्रेटरी बादली घेऊन पुढे आले. "अर्धा तास झाला. निरीक्षण."

"नाही," जावई म्हणाला.

"काय नाही?"

"उघडायचं नाही. कुणीही. तुम्ही नाही, डॉक्टर नाहीत, आई नाहीत, मीसुद्धा नाही. मी तर अजिबातच नाही." आणि झडपा किंचित उघड्या ठेवून, प्रवासाच्या बॅगेचं पितळी कुलूप आणून त्याने वेल्डरच्या कोयंड्याला लावलं. टक्क असा आवाज झाला. त्या वेल्डरचं आयुष्य त्या क्षणी सार्थकी लागलं, त्याला मात्र हे कधीच कळणार नाही.

"अट आहे," सेक्रेटरी म्हणाले. "परवानगी रद्द होईल."

"करा रद्द. सभा बोलवा. अजेंडा काढा. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करा. पिंप पाळीव आहे, तुम्हीच ठरवलंत. झोपलेल्या जनावराला तुम्ही काठीने डिवचता आणि ते भुंकलं की मलाच नोटीस देता?"

"किल्ली द्या."

जावयाच्या हातात किल्ली होती. भीती त्याला सेक्रेटरींची नव्हती. त्याला स्वतःची भीती वाटत होती. ही किल्ली खिशात राहिली तर थोड्या वेळात आपणच पंपाच्या खोलीमागे लपून झाकण किलकिलं करू, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बायकोकडे दिली तर आपण मागू. सासूबाईंकडे दिली तर त्या स्वतःच उघडतील. त्याने चौफेर पाहिलं. आणि त्याला जिन्याखालची तक्रारपेटी दिसली.

ही पेटी इमारत बांधली तेव्हापासून भिंतीवर होती. नियमाप्रमाणे ती फक्त संपूर्ण समितीच्या उपस्थितीत उघडता येई. संपूर्ण समिती एका वेळी एका ठिकाणी आल्याचा प्रसंग इमारतीच्या इतिहासात नव्हता, त्यामुळे पेटी आजवर उघडलेली नव्हती. जावई चार ढांगांत तिथे पोचला आणि त्याने किल्ली फटीतून आत टाकली.

काहीतरी पडल्याचा आवाज आतून आला, आणि पेटीला किती वर्षांनी कुणी काही दिलं म्हणून ती जराशी हललीसुद्धा.

"हे बेकायदेशीर आहे," सेक्रेटरी म्हणाले.

"मग तक्रार करा," जावई म्हणाला. "पेटी समोरच आहे."

सेक्रेटरींनी फोन बाहेर काढला. नियमाने चालणाऱ्या माणसाची हीच तर पंचाईत असते. पेटी फोडता येत नव्हती, कारण ती सोसायटीची मालमत्ता. पिंप फोडता येत नव्हतं, कारण ते पाळीव. एकच मार्ग उरला, संपूर्ण समिती जमवणं. खजिनदार बहिणीकडे बारशाला गेले होते, ते निघतो म्हणाले आणि जेवायला बसले. एक सदस्य सिनेमाला होते. एकांनी सांगितलं की आपण राजीनामा दिलाय. मग असं निघालं की राजीनामा तक्रारपेटीत टाकलाय, म्हणजे तो अजून स्वीकारलेला नाही, म्हणजे त्यांनाही यावं लागेल. ते रुसले. त्यांची समजूत काढायला दोघं गेले.

तोपर्यंत करण्यासारखं कुणाकडे काहीच नव्हतं. मंडळी खुर्च्या टाकून पिंपाभोवती बसली. मेहुणा सवयीने उठायचा, कुलूप बघायचा, बसायचा. सासूबाई पदराशी चाळा करत म्हणाल्या, "बघायला तरी काय हरकत होती," आणि मग नाइलाजाने नवऱ्याशी गप्पा मारायला लागल्या. त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाला ही गोष्ट फार शोभून दिसली. दातांचे डॉक्टर दोनदा येऊन कुलपाला 'उघडा' म्हणून गेले. आणि जावई? तो दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता. त्याची बोटं झडपेसाठी शिवशिवत होती, जीभ 'कुठवर आलं'साठी. त्याने दोन्ही गिळलं. आपल्या खात्याशी त्याने एवढी बेइमानी कधीच केली नव्हती.

काटा एकशेऐंशीवरून हलला. एकशेसत्तर. बराच वेळ तिथेच. मग एकशेपन्नास. मग, कुणी बघत नाहीये अशा थाटात, एकशेवीस. धूर पुन्हा पातळ झाला, निळा झाला, सभ्य झाला.

"बसला," सासरे पुटपुटले. दुपारभर त्यांनी काढलेला हा पहिला शब्द. त्यांची नजर काट्यावर होती.

मेहुण्याला भूक लागली होती. "भावोजी, आता झालंच असेल. नाहीतर जळलं असेल. मी हॉटेलला फोन करतो."

"कर," जावई म्हणाला. "खुशाल कर. पण हे पिंप समिती जमल्याशिवाय उघडणार नाही. आणि माझ्यावर विश्वास नसला तरी समितीवर ठेव. जगात तिच्याइतकं मंद काही शिजत नाही."

मेहुण्याने फोन केला.

उन्हं कलली तेव्हा शेवटचा सदस्य, रुसलेला, दोन माणसांच्या मधे चालत आला. सेक्रेटरींनी गणपूर्ती झाल्याचं जाहीर केलं, पेटी उघडली, आणि आतून एक राजीनामा, पिझ्झाच्या दुकानाच्या खूप जाहिराती आणि एक किल्ली निघाली. तक्रार एकही नव्हती. सेक्रेटरींना वाईट वाटल्यासारखं दिसलं.

जावयाने कुलूप काढलं. सगळी समिती, सगळं सासर आणि दातांचे डॉक्टर पुढे वाकले. जावयाने एका हाताने सगळ्यांना मागे सारलं, श्वास घेतला आणि त्या दिवसात पहिल्यांदाच, उघडायच्या वेळी, झाकण उघडलं.

मांडी गडद तपकिरी झाली होती, चकचकीत. एका बाजूला सकाळच्या निरीक्षणांच्या काळ्या खुणा होत्या, त्या राहिल्या. जावयाने चिमट्याने हाड धरून उचललं. हाड वर आलं. मांस खालीच राहिलं.

बराच वेळ नुसतं चावण्याचा आवाज येत होता. समितीही खात होती. रुसलेल्या सदस्याने राजीनामा हात पुसायला वापरला. हॉटेलचं पार्सल आलं, कुणी त्याच्याकडे बघितलं नाही. मेहुण्याचं तोंड भरलेलं होतं, त्यामुळे पार्सलवाल्याला "काय करू?" याचं उत्तर मिळेना. तो ते पिंपाच्या झाकणावर ठेवून गेला.

सासऱ्यांनी ताट संपवलं, चष्मा पुसला. जावई समोर उभा होता. भुवया नसल्यामुळे त्याचा चेहरा सतत आश्चर्यचकित दिसत होता.

"मीठ कमी आहे," सासरे म्हणाले.

जावयाने मान खाली घातली.

"पण पेपर पूर्ण सोडवलाय." त्यांनी रिकामं ताट पुढे केलं. "अजून वाढा, जावई. आणि तू," ते मुलाकडे वळून म्हणाले, "ते नाव बंद कर. निकाल लागला."

मेहुण्याने घास गिळला. "बरं, बाबा," म्हणाला, आणि थोड्या वेळाने, "भावोजी, तो कडेचा तुकडा राहिला असेल तर..."

सेक्रेटरींनी मात्र हात धुऊन, कोट नीट करून, शेवटचं कर्तव्य पार पाडलं. "आजचा प्रकार अट क्रमांक अखेरच्या विरुद्ध होता. या पिंपाविरुद्ध मी लेखी तक्रार करणार आहे."

"जरूर करा," जावई म्हणाला. त्याने काढून ठेवलेलं पितळी कुलूप उचलून सेक्रेटरींच्या हातात ठेवलं. "पुढच्या वेळी हे तुम्हीच पिंपाला लावा. आणि पुढच्या रविवारी परत येऊन झाकण उचललंत, तर किल्ली कुठे असेल ते आत्ताच सांगून ठेवतो."

सेक्रेटरींनी कुलूप हातात तोललं, पेटीकडे पाहिलं, पिंपाकडे पाहिलं. मग आवाज जरा खाली आणून विचारलं, "पुढच्या रविवारीही करणार आहात? किती वाजता सभा ठेवू?"